जातं गेलं, ओवी राखूया

आज आपण कामाच्या गाण्यांविषयी बोलू. जात्यावरची ओवी, शेतातली भलरी, मोटेवरचं गाणं. ही गाणी नुसती करमणूक नव्हती, ती कामाचाच भाग होती.

जातं ओढणं म्हणजे दम काढणारं काम. दोघी समोरासमोर बसायच्या, एकाच खुंट्याला दोघींचे हात. हात मागेपुढे झाले की जातं जड जायचं. ओवीमुळे लय जुळायची. एकीनं ओळ धरायची, दुसरीनं उचलायची. तेवढ्यात पहिलीला श्वास घ्यायला उसंत मिळायची. भलरीचंही तसंच. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी झेलायचं आणि सगळ्यांचे हात एका चालीवर पुढं सरकायचे.

ओवीचं दुसरं काम याहून मोठं. पहाटेच्या अंधारात, जात्याच्या घरघरीत बाईला मन मोकळं करता यायचं. पहिली ओवी देवाला, मग आईबापाला, भावाला. त्यातच हळूच सासुरवास यायचा, सीतेचा वनवास यायचा, लेकीची काळजी यायची. चारचौघांत जे बोलता येत नव्हतं, ते गाण्यात चालायचं. पंढरीचा विठोबा जसा ओवीत आला, तसे बाबासाहेब आंबेडकरही आले.

ही गाणी आपल्याकडेच होती असं नाही. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर बायका टेबलाभोवती बसून ओलं लोकरी कापड आपटायच्या, ते घट्ट व्हावं म्हणून. तिथंही एक गायची, बाकीच्या साथ द्यायच्या. यंत्रं आली, तशी ती गाणीही कामावरून उठली. १९५१ साली एडिंबरा विद्यापीठात लोकपरंपरेचा अभ्यास करणारी संस्था निघाली आणि तिनं असे कितीतरी आवाज जपून ठेवले.

आपल्याकडंही हे काम झालंय. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा केल्या. सांगली जिल्ह्यातल्या बागणीच्या डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्यासाठी आयुष्य वेचलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७ पासून त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर वाचायला, ऐकायला मिळतात.

गावात गिरण आली, बाईचे खांदे सुटले, हे चांगलंच झालं. जातं परत यावं असं आम्ही म्हणत नाही. पण जात्याबरोबर बाईची बोलायची जागाही गेली. बचत गटाच्या बैठकीत ती पुन्हा करता येईल.

गटातल्या एखाद्या आजीला गायला सांगा. नुसतं विचारलं तर ती म्हणेल, “आता काय आठवत न्हाई बाई.” तिच्या हातात सूप द्या, नाहीतर जुनं जातं समोर ठेवा. हात हलला की पुष्कळदा ओवी आपसूक ओठावर येते. पंखा बंद करा, मोबाईल जवळ धरा. आधी तिचं नाव, गाव, तारीख आणि कोणत्या कामाचं गाणं ते बोलून घ्या. शब्द जसे येतील तसेच उतरवा, पुस्तकी करू नका. आणि एक विसरू नका: ओवीत घरातली दुःखं असतात. दुसऱ्यांना ऐकवण्याआधी आजीला विचारा. ती नको म्हणाली, तर ती ओवी गटातच राहू द्या.

आजवर कितीतरी ओव्या गाणारणीच्या नावाशिवायच राहिल्या. आपल्या गावच्या ओवीवर तिचं नाव असू द्या.