भारतीय बालयकृत सिरॉसिस

भारतीय बालयकृत सिरॉसिस हा लहान मुलांच्या यकृताचा एक गंभीर आजार आहे. यात यकृताच्या पेशींमध्ये तांब्याचा अतिरिक्त साठा आढळतो, पेशींचा नाश होतो आणि त्यांची जागा तंतुमय ऊतक घेते. साधारणतः सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या, विशेषतः एक ते तीन वर्षांच्या मुलांना तो होत असे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांपर्यंत भारतीय उपखंडात बालमृत्यूचे हे एक परिचित कारण होते. आज तो अत्यंत दुर्मिळ झाला आहे. वरचे दूध तापवण्यासाठी व साठवण्यासाठी वापरली जाणारी पितळेची भांडी आणि हा आजार यांतील संबंध उलगडण्यात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधनाचा महत्त्वाचा वाटा आहे.

== इतिहास ==

या आजाराचे पहिले वैद्यकीय वर्णन १८८७ मध्ये कलकत्त्यात सेन यांनी केले. त्यानंतर देशाच्या अनेक भागांतून अशा रुग्णांची नोंद होत राहिली. रुग्ण प्रामुख्याने ग्रामीण भागातील व लहान गावांतील असत. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये प्रमाण अधिक होते, आणि एकाच घरातील सख्खी भावंडे पाठोपाठ दगावल्याची उदाहरणेही आढळत. त्यामुळे आजार आनुवंशिक असावा, असा तर्क स्वाभाविकपणे केला गेला. याखेरीज कुपोषण, विषाणुजन्य कावीळ आणि शेंगदाण्यासारख्या धान्यावरील बुरशीपासून निर्माण होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष, अशीही कारणे वेळोवेळी सुचवली गेली. यांपैकी एकाही कारणाने आजाराचे समाधानकारक स्पष्टीकरण मिळाले नाही.

== लक्षणे ==

आजाराची सुरुवात नकळत होते. मूल चिडचिडे होते, भूक मंदावते, पोट फुगू लागते आणि अधूनमधून बारीक ताप येतो. तपासणीत यकृत वाढलेले व टणक लागते आणि त्याची कड धारदार जाणवते. पुढे प्लीहाही वाढते. कावीळ आणि जलोदर ही आजार पुढे गेल्याची चिन्हे होत. उपचार न झाल्यास बहुतेक मुले काही महिन्यांतच यकृत निकामी होऊन दगावत.

== विकृतिविज्ञान ==

सूक्ष्मदर्शकाखाली यकृताच्या पेशी फुगलेल्या व नष्ट होत असलेल्या दिसतात. अनेक पेशींत ‘मॅलरी पिंड’ नावाचे प्रथिनांचे गोळे आढळतात. अमेरिकन विकृतिवैज्ञानिक फ्रँक मॅलरी यांच्या नावाने ओळखले जाणारे हे पिंड प्रौढांमध्ये मुख्यतः मद्यपानाने बिघडलेल्या यकृतात दिसतात. दूधपित्या मुलाच्या यकृतात ते मोठ्या प्रमाणावर सापडणे हे अभ्यासकांना कोडे वाटत होते. तंतुमय ऊतक एकेका पेशीभोवती पसरते, तर निरोगी पेशींची पुनर्निर्मिती फार थोडी होते. कुपोषणात यकृतात जशी चरबी साठते, तशी ती येथे सहसा दिसत नाही. त्यामुळे हा आजार कुपोषणाचा परिणाम नसावा, या मताला बळ मिळाले.

निर्णायक धागा एका रंजकाने दिला. तांब्याशी बांधलेली प्रथिने ऑर्सीन या रंजकाने गडद तपकिरी कणांच्या रूपात दिसतात. १९७८ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील बर्नार्ड पोर्टमन आणि सहकाऱ्यांनी या आजारातील यकृताच्या नमुन्यांत असे कण विपुल असल्याचे दाखवले. पुढच्याच वर्षी स्टुअर्ट टॅनर व सहकाऱ्यांनी यकृतातील तांब्याचे प्रत्यक्ष मोजमाप प्रसिद्ध केले. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे साधारणतः ५० मायक्रोग्रॅमहून कमी तांबे असते. या रुग्णांत ते बहुधा ८०० मायक्रोग्रॅमच्या पुढे जाते.

विल्सनच्या आजारातही यकृतात तांबे साठते. परंतु तो एटीपी७बी या जनुकातील दोषामुळे होतो, त्यात रक्तातील सेरुलोप्लाझमिन हे प्रथिन सहसा कमी असते आणि तो इतक्या कोवळ्या वयात प्रकट होत नाही. बालयकृत सिरॉसिसमध्ये सेरुलोप्लाझमिन कमी होत नाही.

== पुण्यातील संशोधन आणि पितळेची भांडी ==

यकृतातील तांबे आले कोठून, हा पुढचा प्रश्न होता. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ शीला भावे व आनंद पंडित यांनी टॅनर यांच्यासह रुग्ण मुलांच्या आहाराचा अभ्यास केला. १९८३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी मांडले की, तांब्याने दूषित झालेले गाई-म्हशीचे दूध फार लवकर सुरू करणे हे आजाराचे संभाव्य कारण आहे. १९८७ मध्ये रुग्ण मुलांची इतर मुलांशी तुलना करणारा अभ्यासही प्रसिद्ध झाला.

पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू आहे. अशा भांड्यात दूध तापवून तसेच ठेवल्यास दुधातील केसीन हे प्रथिन धातूतील तांबे ओढून घेते. कथलाची कल्हई शाबूत असेल, तर दूध व पितळ यांचा थेट संपर्क येत नाही. आंबट पदार्थ बिनकल्हईच्या पितळेत ‘कळकतो’ हे घरोघरी ठाऊक होते. दूध आंबट नसल्याने त्याबाबत तशी शंका येण्याचे कारण नव्हते.

शरीरातील जास्तीचे तांबे मुख्यतः पित्तावाटे बाहेर पडते. नवजात बालकाच्या यकृतात जन्मतःच तांब्याचा साठा मोठा असतो आणि ते बाहेर टाकण्याची क्षमता मात्र अपुरी असते. त्यामुळे जी मात्रा मोठ्या माणसाला बाधत नाही, ती तान्ह्या बाळाला घातक ठरू शकते. आईच्या दुधात तांबे अल्प प्रमाणात असते. एकाच घरातील भावंडे का दगावत, याचेही यातून अंशतः उत्तर मिळते: त्यांच्यात रक्ताचे नाते समान होते, तसेच दुधाचे पातेलेही समान होते.

ऑस्ट्रियातील टायरॉल भागात १९०० ते १९७४ या काळात जवळजवळ असाच आजार १३८ बालकांना झाल्याची माहिती १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथेही बाळाचे दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यांत तयार केले जात असे. भांडी बदलल्यावर आजार नाहीसा झाला.

== मतभेद ==

पितळेच्या भांड्यांतील दूध प्यालेल्या सर्वच मुलांना हा आजार झाला नाही. त्यामुळे तांब्याबरोबर काही आनुवंशिक प्रवणताही आवश्यक असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. टायरॉलमधील रुग्णांच्या वंशावळींतूनही तसा संकेत मिळाला. एन. सी. नायक व अरुण चितळे या विकृतिवैज्ञानिकांनी तांबे हेच मूळ कारण असल्याच्या मताला आव्हान दिले आहे. यकृत बिघडल्यानंतर तांबे साठत असावे, अशी शक्यता या वादात मांडली जाते.

== उपचार व प्रतिबंध ==

पेनिसिलामाइन हे औषध तांब्याला बांधून लघवीवाटे बाहेर काढते. कावीळ किंवा जलोदर होण्यापूर्वी ते सुरू केल्यास काही मुले वाचतात, असे पुण्यातील चाचण्यांत दिसून आले. अशा काही मुलांच्या यकृताची रचना पुढील वर्षांत बरीच सुधारल्याचेही आढळले. आजार पुढे गेल्यावर मात्र औषधाचा उपयोग फारसा होत नाही.

स्टील व ॲल्युमिनियमच्या भांड्यांनी पितळेची जागा घेतली, त्याच काळात रुग्णांची संख्या झपाट्याने घटली. या काळात आहार व आरोग्यसेवा यांतही बदल झाले. त्यामुळे केवळ ही घट तांब्याच्या सिद्धान्ताचा पूर्ण पुरावा ठरत नाही. तरीही प्रतिबंधाचा नियम सोपा आहे: पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, आणि वरचे दूध तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात तापवू वा साठवू नये. जुनी भांडी हौसेने पुन्हा वापरात येत असताना हा नियम तान्ह्या बाळांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे.

== हेही पाहा ==

* यकृत
* विल्सनचा आजार
* कल्हई
* पितळ