मेमध्ये ग्रीस, तर तयारी दिवाळीनंतर

भूमध्य समुद्राकाठच्या सुट्टीची कामं एकमेकांत अडकलेली असतात. व्हिसाला हॉटेलचं बुकिंग लागतं, हॉटेलला तारखा लागतात, तारखा बोटींवर ठरतात आणि बोटी वाऱ्यावर. कुठलं काम आधी आणि कुठल्या कामाचे पैसे शेवटी, एवढं नीट लावलं तर बराचसा खर्च आणि मनस्ताप टळतो. उदाहरणादाखल मुंबई-पुण्याहून अथेन्स आणि एजियन समुद्रातल्या एक-दोन बेटांवर जाणारं एक चौकोनी कुटुंब धरू.

महिना

आपल्या शाळांची उन्हाळी सुट्टी जूनच्या मध्यापर्यंत असते, आणि ग्रीससाठी मे महिना सोयीचाच आहे. बेटांवरची हॉटेलं उघडलेली असतात, जुलै-ऑगस्टची गर्दी नसते, भावही त्या मानाने कमी असतात. ‘मेल्तेमी’ नावाचा उत्तरेचा कोरडा वारा जुलै-ऑगस्टमध्ये एजियनवर दिवसचे दिवस घोंघावतो आणि बोटी अडवतो. मेमध्ये त्याचा जोर नसतो. एकच गोष्ट खटकेल, ती म्हणजे पाणी. मेअखेरीस तिथला समुद्र १९-२० अंशांचा असतो. अलिबाग-मालवणच्या कोमट पाण्याची सवय असलेल्या मुलांना तो चांगलाच गार लागेल. ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी १५ ऑगस्टच्या आसपासचे दिवस टाळावेत. तो तिथला मेरीमातेचा मोठा सण असतो आणि सगळा देश बोटींनी आपापल्या गावी निघालेला असतो.

व्हिसा

ग्रीस शेंगेन क्षेत्रात आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण कागदांची जास्त छाननी झाली तर ४५ दिवसही लागू शकतात. खरी अडचण अपॉइंटमेंटची असते. मार्च-एप्रिलमध्ये सगळेच उन्हाळी सुट्टीचे अर्ज घेऊन येतात आणि तारखा मिळेनाशा होतात. म्हणून दिवाळी झाली की कामाला लागायचं आणि जानेवारी-फेब्रुवारीत अर्ज आत टाकायचा.

पहिल्यांदा पासपोर्ट काढून बघा. शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर तो किमान तीन महिने वैध हवा, गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. नावाकडेही लक्ष द्या. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं. तिकीट, विमा आणि अर्ज या तिन्हींवर पासपोर्टवर आहे तेच नाव, त्याच स्पेलिंगने घाला.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, याचा नियम सोपा आहे: जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे. ग्रीसमध्ये सहा आणि इटलीत चार रात्री असतील, तर ग्रीसकडे. रात्री सारख्याच असतील, तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. जून २०२४ पासून मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी ४५ युरो आहे. त्याहून लहानांना माफ. व्हिसा केंद्राचा सेवाआकार वेगळा. बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र आणि दिवसवार कार्यक्रम ही मुख्य कागदपत्रं. मुलासोबत आई-वडिलांपैकी एकच जण जाणार असेल, तर दुसऱ्याचं संमतिपत्र लागतं.

पैशांची गाठ इथेच सोडवायची असते. अर्जासोबत हॉटेल आणि विमानाचं आरक्षण दाखवावं लागतं. मात्र ते परत न मिळणाऱ्या पैशांचं असण्याची गरज नाही. हॉटेल ‘मोफत रद्द’ प्रकारातलं घ्या आणि विमानाची पक्की रक्कम व्हिसा हातात आल्यावर भरा. नकार आलाच, तर तोटा शुल्कापुरता राहतो.

पासपोर्टवर स्टिकर आलं की तिथेच उभं राहून तीन गोष्टी वाचा: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, एकूण किती दिवस, आणि किती प्रवेश. तिसरी गोष्ट ग्रीसमध्ये फार महत्त्वाची. कोस किंवा सामोस बेटावरून तुर्कस्तानचा किनारा समोर दिसतो आणि बोटीने तासा-दीड तासाच्या आत गाठता येतो. पण तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही. तुमचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर दिवसभराची ती सहल तो संपवून टाकते आणि संध्याकाळी ग्रीसमध्ये परत येता येत नाही. शिवाय तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.

विमान आणि बोटी

आखाती देशांत विमान बदललं, तर इमिग्रेशन अथेन्सला होतं. फ्रँकफर्ट किंवा रोममार्गे गेलात, तर ते तिथेच होतं, कारण शेंगेनमधला तुमचा पहिला विमानतळ तो. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने शिक्क्याच्या जागी चेहरा आणि बोटांच्या ठशांची संगणकीय नोंद सुरू केली आहे. रांगेत वेळ जातो, म्हणून युरोपात विमान बदलताना दीड तासाचं अंतर पुरेल असं गृहीत धरू नका.

बेटांच्या बहुतेक बोटी पिरेअस बंदरातून सुटतात. २०२२ पासून मेट्रोची निळी मार्गिका विमानतळावरून थेट तिथपर्यंत जाते. बंदर अवाढव्य आहे आणि एका धक्क्यापासून दुसरा बराच लांब असतो. आपल्या बोटीचं गेट आदल्या दिवशीच बघून ठेवा. मोठी संथ बोट सँटोरिनीला साधारण आठ तास घेते, वेगवान बोट पाच-सहा. वेगवान बोटी महाग असतात, खवळलेल्या समुद्रात जास्त हेलकावतात आणि वारा वाढला की आधी रद्द होतात. ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी संथ बोट बरी.

कार्यक्रम आखताना एक नियम मोडू नका: बेटं आधी, अथेन्स शेवटी. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री तुम्ही अथेन्समध्येच असायला हवं. वाऱ्याने बोट अडली, तरी हाताशी एक दिवस उरतो.

पैसे, विमा, औषधं

शेंगेनसाठी प्रवासविम्याची रक्कम किमान ३०,००० युरो लागते. तेवढ्याने व्हिसा मिळतो, पण पॉलिसी खरोखर उपयोगाची आहे का, ते वगळलेल्या गोष्टींच्या यादीवरून कळतं. आई-वडील बरोबर असतील, तर मधुमेह, रक्तदाब असे आधीपासूनचे आजार धरलेत का ते पाहा. बेटांवर स्कूटर किंवा चारचाकी बाइक भाड्याने घ्यायचा मोह होतो. त्यासाठी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. योग्य परवान्याशिवाय झालेल्या अपघाताचा दावा विमा कंपन्या सहसा फेटाळतात.

कार्डाने पैसे देताना यंत्र विचारतं, रक्कम युरोत घेऊ की रुपयांत? युरो निवडा. रुपये निवडले की विनिमयाचा दर दुकानाच्या बाजूची यंत्रणा ठरवते, आणि तो जवळपास नेहमीच महाग असतो. हॉटेलच्या बिलात एक सरकारी कर वेगळा येतो आणि तो बहुधा तिथे पोचल्यावरच मागतात. २०२५ च्या दरांप्रमाणे एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये हा कर एका खोलीला रात्रीमागे २ युरोंपासून पंचतारांकित हॉटेलात १५ युरोंपर्यंत आहे.

औषधं हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह ठेवा. चिठ्ठीत ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध ग्रीसमध्ये नियंत्रित यादीत आहे; ते चिठ्ठीशिवाय नेऊ नका.

खाऊ

मेमध्ये निघताना हापूसची पेटी न्यावीशी वाटेल. नेऊ नका. युरोपीय संघात अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन सोडून बाकी ताज्या फळांना रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. दुधाचे पदार्थ आणि मांस प्रवाशांना नेताच येत नाही. म्हणजे साजूक तूप, पेढे, खव्याची बर्फी घरीच. चिवडा, खाकरा, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या.

शाकाहारी माणसाची ग्रीसमध्ये उपासमार होत नाही. सँटोरिनीचा ‘फावा’ म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर ऑलिव्ह तेल आणि कांदा. मोठ्या पांढऱ्या बियांचे ‘गिगांतेस’, उकडलेली पालेभाजी ‘होर्ता’, भाज्यांचं ‘ब्रियाम’ खाणावळीत सहज मिळतात. भरलेल्या टोमॅटोत मात्र कधी भात असतो, कधी खिमा; विचारून घ्या. ‘निस्तिसिमो’, म्हणजे उपवासाचं, असं लिहिलेलं असेल तरी सावध राहा. त्यांच्या उपवासात मांस, अंडी, दूध वर्ज्य असतं, पण कोळंबी आणि ऑक्टोपस चालतो.

तिथे पोचल्यावर

व्होल्टेज आपल्यासारखंच, २३० आहे. बारीक दोन पिनांचे चार्जर बहुतेक वेळा बसतात, तीन पिनांना अडॅप्टर लागतो. अथेन्समध्ये नळाचं पाणी प्यायला चालतं. सँटोरिनीसारख्या बेटांवर बाटलीचं घ्या. सांडपाण्याचे नळ अरुंद असल्याने कागद शौचकुपात न टाकता शेजारच्या डब्यात टाकतात. अॅक्रोपोलिसचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं. सकाळी आठचं घ्या. उष्णतेची लाट आली की ते दुपारचं बंद ठेवतात.

समुद्राबाबत आपले आडाखे तिथे बदलावे लागतात. मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. एजियनमध्ये हा फरक सेंटिमीटरमध्ये मोजण्याइतका असतो. त्यामुळे भरतीचं वेळापत्रक पाहायची गरज नाही, पण वारा आणि खोली पाहायलाच हवी. अनेक किनारे गोट्यांचे आहेत आणि दोन पावलांत पाणी डोक्यावर जाऊ शकतं. खडकांवर काटेरी समुद्री अर्चिन असतात, म्हणून पाण्यात घालायचे रबरी बूट घ्या. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल, तर हवेने फुगवलेल्या गादीवर मुलांना सोडू नका. किनाऱ्याजवळ पाणी शांत दिसतं आणि गादी बघता बघता आत जाते. लाल बावटा असेल, तर पोहायचं नाही. मदतीसाठी ११२ हा नंबर फोनमध्ये आधीच साठवून ठेवा. तो मोफत आहे आणि युरोपीय संघात सगळीकडे चालतो.