जोडी जमली तरच आत

शीळफाट्यावर कल्याणकडचे टेम्पो आणि पनवेलकडे निघालेले कंटेनर एकमेकांत अडकले की अडकलेच. आपणहून वेगळे होत नाहीत. अतिशीत लिथियमचे अणू होतात. निरपेक्ष शून्यापासून दशलक्षांश अंशाच्याही आत थंड केलेल्या या वायूत दोन प्रकारचे अणू जोड्या जमवतात आणि त्या जोड्या घर्षणाविना वाहतात, म्हणजे अतिप्रवाही होतात. एक प्रकार जास्त भरला तर? २००६ साली एमआयटीत वोल्फगांग केटर्ले यांच्या गटाला दिसलं, की बिनजोडीचे अणू गाभ्याबाहेर, कडेच्या कवचात ढकलले जातात.

कोणी म्हणेल, अणूंना धरून ठेवणाऱ्या सापळ्याच्या मध्यभागी दाटी असणारच, त्यात नवल काय? पण निव्वळ दाटी असती तर जास्तीचे अणू मध्यातही जास्तच दिसले असते. तिथे दोन्ही प्रकारांची घनता सारखी निघाली. शिवाय हा वायू घुसळल्यावर ताकासारखा एकच खळगा पडला नाही, तर अनेक बारीक भोवरे उमटले, आणि ही अतिप्रवाहाचीच खूण. दोन प्रकारांच्या संख्येतली तफावत साधारण सत्तर टक्क्यांपलीकडे गेली की सगळं मोडतं. इलेक्ट्रॉनांच्या अशाच जोड्यांवर चालणाऱ्या अतिवाहकांसाठी अशी मर्यादा १९६२ सालीच क्लॉगस्टन आणि बी. एस. चंद्रशेखर (नोबेलवाले नव्हेत) यांनी मांडली होती.