खोकला नाही, तरी टीबी!

‘मामा, बॉल तूच उचल ना!’

दोन वर्षांपूर्वीची भाऊबीज. पुण्याहून धुळ्याला ताईकडे गेलो होतो. घरभर धिंगाणा घालणारी आमची पाच वर्षांची चिऊ वाकायलाच तयार नव्हती. पाठ दुखते म्हणायची, रात्री झोपेत रडायची. ‘दप्तर जड असेल,’ हे घरच्यांचं निदान!

डॉक्टरांनी जमिनीवर नाणं टाकलं. ‘उचल बरं बेटा.’ चिऊनं पाठ काठीसारखी ताठ ठेवली, गुडघे वाकवून उकिडवी बसली आणि मग नाणं उचललं. एमआरआय झाला, पू तपासला. मणक्याचा टीबी!

आम्ही चक्रावलोच. खोकला नाही, बीसीजीही दिलेली. डॉक्टर म्हणाले, ‘ही लस लहानग्यांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून बरीच वाचवते, पण पूर्ण कवच नाही.’ मुलांमध्ये टीबी वेश बदलून येतो. कधी मानेला न दुखणाऱ्या गाठी, म्हणजे आजीच्या भाषेत गंडमाळ. कधी फुगलेलं पोट, कधी न वाढणारं वजन. आणि सतत चिडचिड, उलट्या, गुंगी असेल तर मेंदूचा टीबी असू शकतो. तिथे एक दिवसही दवडायचा नाही.

मग प्रश्न आला, ‘घरात कुणाला टीबी झाला होता?’

‘छे!’ ताई म्हणाली. मी गप्प.

मला झाला होता. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात जळगावला वर्क फ्रॉम होम करत होतो. बाहेर ४४ अंश, आत एसी, दारं-खिडक्या बंद. सुट्टीला आलेली चिऊ माझ्याच खोलीत झोपायची. मी खोकत होतो. म्हटलं, एसीचा त्रास. जूनमध्ये पुण्यात टीबी निघाला. ‘सहवासात लहान मूल होतं का?’ असं विचारलंही होतं. मी म्हणालो, ‘एकटाच राहतो.’ लग्नाचं बघत होते ना! सहा महिने गुपचूप गोळ्या घेतल्या, ठणठणीत झालो.

तेव्हाच बोललो असतो, तर चिऊची तपासणी झाली असती, प्रतिबंधक औषधही मिळालं असतं.

त्या रात्री ताईला सगळं सांगितलं. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. चिऊनं वर्षभर औषधं घेतली, सरकारी, मोफत. आता बॉल तीच उचलते आणि माझ्याच अंगावर फेकते.

दोस्तांनो, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर तपासून घ्या. आणि टीबी निघालाच, तर पहिला फोन घरी करा.