चोरी करणारं पोर तुरुंगात की शाळेत?

पुण्याचं ससून हॉस्पिटल विटेकरांना चांगलंच माहीत आहे. ते ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, त्याच डेव्हिड ससून यांच्या मदतीने १८५७ मध्ये मुंबईत गुन्हेगार आणि निराधार मुलांसाठी सुधारशाळा उभी राहिली. इंग्लंडमध्ये तसा कायदा १८५४ चा, म्हणजे मुंबई फार मागे नव्हती! इंग्लंडमध्ये मात्र मुलाला सुधारशाळेत जाण्याआधी थोडे दिवस तुरुंगात काढावेच लागत. मला ही अट क्रूर वाटते.

आपल्याकडे १८७६ मध्ये आणि पुन्हा १८९७ मध्ये सुधारशाळांचा कायदा झाला. १८९७ च्या कायद्यानुसार पंधरा वर्षांखालच्या मुलाला ३ ते ७ वर्षं शाळेत ठेवता येई, पण अठरानंतर नाही. रात्री मुलांना वेगवेगळं झोपवण्याची सोय, पाणी, अंथरूण, आजाऱ्यांसाठी खोली, हाताला एखादं काम शिकवणं, हे सगळं कायद्यातच लिहिलं होतं. चौदा पूर्ण झालेल्या मुलाला परवान्यावर भरवशाच्या माणसाकडे राहायलाही देता येई. मुलींना मात्र या शाळांत पाठवण्याची सोय त्यात नव्हती, आणि ही मोठी उणीव होती.

विट्यातल्या वकील मंडळींनी, शिक्षकांनी हा जुना कायदा एकदा वाचाच. मोजकीच पानं आहेत.