उंदरांनी नापास केलेली बाटली

खोबरेल तेलाची निळी बाटली गोल आहे, यामागे सौंदर्यदृष्टीइतकाच उंदरांचाही हात आहे. पॅराशूट तेल पूर्वी पत्र्याच्या डब्यात मिळायचे. प्लॅस्टिकची बाटली स्वस्त पडत होती आणि दिसायलाही चांगली होती, पण दुकानदार ती ठेवून घ्यायला तयार नव्हते. त्याआधी बाजारात आलेल्या चौकोनी बाटल्यांचे कोपरे उंदरांनी कुरतडले होते आणि सांडलेल्या तेलाने सगळे दुकान बरबटले होते.

पॅराशूट विकणाऱ्या मुंबईच्या हर्ष मारीवाला यांच्या चमूने मग उंदरांच्या दातांत कोपराच सापडू नये अशी गोल बाटली केली. तेलाचा थेंबही बाहेर झिरपणार नाही, याची काळजी घेतली. या बाटल्या उंदरांबरोबर पिंजऱ्यात ठेवल्या आणि त्या शाबूत राहिल्याचे फोटो दुकानदारांना दाखवले. तेव्हा कुठे डबा गेला आणि बाटली आली. पुढे १९९० मध्ये मारीवाला यांची मॅरिको कंपनी स्वतंत्रपणे उभी राहिली, तेव्हा या ब्रँडचा तिला मोठा आधार होता.

केसांच्या उत्पादनाला नवे रूप द्यायचे म्हटले की चर्चा रंग आणि अक्षरांपाशी सुरू होते. खरे तर ती वापरापाशी सुरू व्हायला हवी. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसखाली गोठते. थंडीत सकाळी अरुंद तोंडाच्या बाटलीतून ते निघत नाही, म्हणून घरोघरी बाटली उन्हात नाहीतर गरम पाण्यात ठेवतात. रुंद तोंडाची बरणी आली ती याच अडचणीवर उपाय म्हणून. बोट घातले की तेल हाती.

लेबलवरच्या शब्दांना तर कायद्यातही वजन आहे. छोट्या बाटलीतले शुद्ध खोबरेल खाद्यतेल मानायचे की केशतेल, हा कराचा वाद वर्षानुवर्षे चालला. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केशतेल ठरत नाही, वेष्टन आणि लेबल काय सांगते ते पाहायचे. त्या वेळी खाद्यतेलावर ५ टक्के आणि केशतेलावर १८ टक्के जीएसटी होता. सप्टेंबर २०२५ पासून केशतेलही ५ टक्क्यांत आले.

आता उरण तालुक्यातल्या चिरनेरसारख्या गावातही गिऱ्हाईक तेल किराणा दुकानाच्या फळीवर पाहते, तसेच मोबाइलवरही पाहते. दुकानात बाटली हातात घेऊन मागची बारीक अक्षरे वाचता येतात, पडद्यावर मात्र दाखवाल तेवढेच दिसते. म्हणून ऑनलाइन विक्रीत उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ प्रमाण, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठीचा संपर्क दाखवणे कायद्याने बंधनकारक आहे. चांगले संकेतस्थळ हा तपशील तळाशी दडवत नाही. घटकांची यादी आणि मागच्या लेबलचा स्पष्ट फोटो ते किमतीच्या जवळच देते. बाटलीचा निळा आणि पडद्यावरचा निळाही एकच हवा, नाहीतर गिऱ्हाइकाला माल नकली वाटतो.

जुनी ओळख जपणेही तितकेच महत्त्वाचे. ज्यांना वाचता येत नाही ते रंग, आकार आणि नारळाच्या झाडाचे चित्र पाहून तेल मागतात. एका फटक्यात हे सगळे बदलले, तर नेहमीचे गिऱ्हाईक दुसऱ्याच बाटलीकडे वळते. नकला करणारे नेमक्या याच खुणा उचलतात.

घरगुती केशतेल बाजारात आणू पाहणाऱ्या बचत गटांनी आधी सौंदर्यप्रसाधनांचा उत्पादन परवाना घ्यावा. परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक आणि वापराची अंतिम मुदत यांना लेबलवर ठळक जागा ठेवावी आणि मगच चित्रकाराकडे जावे. लेबल छापखान्यात पाठवण्याआधी नमुन्याची बाटली तेलकट हातांनी उघडून पाहावी. झाकण घसरत असेल, तर रंग ठरवण्याआधी झाकण बदलावे.