बदलापूरच्या शेगडीपर्यंत गॅस येतो कसा?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या अनेक सोसायट्यांत आता सिलिंडरचा नंबर लावावा लागत नाही. महानगर गॅसच्या पाइपमधून थेट ओट्यापर्यंत नैसर्गिक वायू पोहोचतो. हा वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मिसळतात. शेगडीपाशी त्याचा दाब जेमतेम 21 मिलिबार ठेवलेला असतो.

पण तो येतो कुठून?

काही वायू आपल्याच समुद्रातला. मुंबई हायमध्ये 1974 साली तेल सापडलं आणि 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. तिथला वायू समुद्रतळावरच्या वाहिन्यांतून उरणला येतो. मात्र तेवढ्यानं भागत नाही. देशाला लागणाऱ्या वायूपैकी सुमारे निम्मा आणि कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक तेल आयात करावं लागतं.

जहाजानं आणायचा वायू उणे 162 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतात. मग त्याचा द्रव होतो, आकारमान सुमारे 600 पटींनी घटतं. गुजरातमधील दहेज किंवा आपल्या दाभोळच्या टर्मिनलवर त्याचा पुन्हा वायू करून तो वाहिन्यांत सोडतात.

कतारहून असा वायू आणणारी जहाजं होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येतात. तिथं तणाव वाढला, की झळ इथवर पोहोचू शकते. म्हणून तेलासाठी विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथं भूमिगत साठे उभारले आहेत. वायूसाठी मात्र तो आयात करणाऱ्या पेट्रोनेट कंपनीनं 2024 मध्ये कतारशी 2048 पर्यंतचा करार केला.